‘नोकरी सोडण्याचे कारण’: बडतर्फ परिचारिका आणि पुढचा वॉर्ड

खासगी रुग्णालयात स्टाफ नर्सच्या मुलाखतीला गेले की आधी एक छापील फॉर्म हातात देतात. नाव, शिक्षण, परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक, आधीचे रुग्णालय, शेवटचा पगार आणि मग एक अरुंद रकाना: नोकरी सोडण्याचे कारण. लग्न, नवऱ्याची बदली, पुढचे शिक्षण, घरचे आजारपण अशी बहुतेक उत्तरे त्यात सहज मावतात. ‘गैरवर्तनाच्या आरोपावरून काढले’ हे उत्तर मात्र फारसे कुणी लिहीत नाही. ज्यांच्यावर ती वेळ येते त्या ‘वैयक्तिक’ एवढेच लिहितात, आणि फॉर्म घेणाऱ्यालाही त्यामागे काय असू शकते याची कल्पना असते.

गैरवर्तनासाठी काढलेल्या परिचारिकेने पुन्हा रुग्णाजवळ जावे का, जायचे तर कोणत्या अटींवर, आणि पुढच्या रुग्णालयाला तिच्याविषयी किती कळावे, या प्रश्नांवर जगभर बरेच लिहिले गेले आहे. आपल्याकडे चर्चा तुकड्यातुकड्यांत होते. कामगार वकील त्याकडे नोकरीचा वाद म्हणून पाहतो, परिषद शिस्तीचा विषय म्हणून पाहते आणि एचआर विभागाला ती भरतीतली जोखीम वाटते. हे तुकडे शेजारी ठेवून सध्याची स्थिती काय दिसते ते पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

गैरवर्तनाच्या यादीत काय काय येते

आरोपाचे नाव एकच असले तरी पोटातले प्रकार फार वेगवेगळे असतात. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याखालील आदर्श नमुन्यात गैरवर्तनाची यादी होती: हेतुपुरस्सर आज्ञाभंग, चोरी व अफरातफर, लाच, रजेशिवाय सलग दहा दिवसांहून अधिक गैरहजेरी, नेहमीचे उशिरा येणे, कामाच्या जागी दंगामस्ती, वारंवारचा निष्काळजीपणा. यादी गिरणी-कारखाने डोळ्यांसमोर ठेवून केलेली होती. रुग्णालयांच्या सेवानियमांत पुढे तीच उतरली आणि तिच्यात रुग्णाशी उद्धट वागणे, नोंदी खोट्या करणे, औषधांचा गैरवापर, लैंगिक छळ अशी भर पडली. परिणामी दोनदा रात्रपाळी नाकारणारी आणि फेंटॅनिलच्या ॲम्प्यूलमधून औषध काढून घेणारी, दोघी कागदोपत्री एकाच शब्दाखाली येतात.

त्यातही सर्वांत अवघड प्रकार औषधाच्या चुकीचा आहे. समजा, स्त्रियांच्या मेडिकल वॉर्डात रात्रपाळी आहे. एका सिस्टरकडे तीसेक रुग्ण, सोबतीला एक मावशी. खाट क्रमांक ११ वर एक शिंदे आजी, १४ वर दुसऱ्या. दहाची औषधे देताना नातेवाईक सलाइन संपले म्हणून ओरडतो, फोन वाजतो, आणि अकराव्या खाटेचे इन्सुलिन चौदाव्या खाटेला जाते. पहाटे रुग्ण घामाघूम होतो, साखर उतरलेली सापडते, ग्लुकोज देऊन सावरतो. सकाळी हँडओव्हरच्या वेळी सिस्टर स्वतःहून सांगते. दुपारी मेट्रनच्या खोलीत बोलावणे येते. “मॅडम, मीच कळवलं ना,” असे ती म्हणते. “म्हणूनच सांगते,” मॅडम म्हणतात, “मेमो घेण्यापेक्षा राजीनामा लिहून दे. तुझ्या रेकॉर्डला डाग नको.”

प्रसंग कल्पित आहे, पण रुग्णालयात काम केलेल्या कुणालाही त्यात अनोळखी काही वाटणार नाही. शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाचांमागे एक परिचारिका असावी, असे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे. प्रत्यक्ष वॉर्डातली संख्या आणि हे प्रमाण यांतली तफावत चौकशीच्या कागदावर कुठेच येत नाही. तिथे येतो फक्त खाट क्रमांक.

याच मुद्द्याचा मोठा आणि दुःखद आविष्कार महाराष्ट्राने २०२१ मध्ये दोनदा पाहिला. ९ जानेवारीच्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागून १० बालके दगावली. ६ नोव्हेंबरला अहमदनगर जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील आगीत ११ रुग्णांचा मृत्यू झाला. दोन्ही ठिकाणी कारवाईच्या यादीत डॉक्टरांबरोबर परिचारिका होत्या. काहींना निलंबित केले गेले, काहींची सेवा थेट समाप्त झाली आणि फौजदारी गुन्हेही दाखल झाले. वीजयंत्रणा व अग्निसुरक्षा ही परिचारिकेची जबाबदारी कशी, असा सवाल संघटनांनी केला. कक्षात त्या वेळी कोण हजर होते, हा प्रशासनाचा प्रश्न होता. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. निलंबन झालेल्याला निदान चौकशी मिळते आणि परतीची शक्यता राहते, कंत्राट संपवलेल्याला यांतले काही मिळत नाही, हा फरक मात्र त्या गदारोळात मागे पडला.

नोकरी जाणे आणि नोंदणी जाणे

सर्वसामान्य वाचकाला, आणि कधी कधी स्वतः परिचारिकेलाही, इथे घोटाळा होतो. रुग्णालयाने काढले म्हणजे परवाना गेला असे नाही. या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे अधिकार वेगळ्या हातांत आहेत.

मुंबई इलाख्यात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा १९३५ चा. आज महाराष्ट्रात १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका कायदा आणि त्याखालील महाराष्ट्र परिचर्या परिषद नोंदणीचे काम पाहते. व्यावसायिक गैरवर्तन सिद्ध झाले किंवा गुन्ह्यात शिक्षा झाली, तर चौकशी करून नोंदवहीतून नाव काढण्याचा अधिकार परिषदेचा आहे. तो रुग्णालयाला नाही. देशपातळीवर १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद आली. अलीकडे तिने परिचारिकांना एकच राष्ट्रीय ओळख क्रमांक देणारी नोंदणी व माग-प्रणाली सुरू केली. २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग कायद्याने १९४७ च्या कायद्याची जागा घेण्याची तरतूद केली. त्यात नीती व नोंदणीसाठी स्वतंत्र मंडळ आहे, राज्य आयोग आहेत, राष्ट्रीय नोंदवही आहे आणि शिस्तभंगाच्या निर्णयावर अपिलाच्या पायऱ्याही आहेत.

म्हणजे चौकट आहे. तिच्यात एक फट आहे ती अशी: रुग्णालयाने गैरवर्तनासाठी काढलेली प्रत्येक परिचारिका परिषदेसमोर जाते असे नाही. तक्रार कुणी केली तरच चौकशी. रुग्णालयाला ती करण्यात फारसे हित नसते, कारण चौकशीत वॉर्डातली माणसांची संख्या, औषध कपाटाची किल्ली कुणाकडे होती, हे सगळे निघते. त्यामुळे गंभीर दोष असलेलीची नोंदणी स्वच्छ राहते, आणि किरकोळ कारणाने काढलेलीकडेही आपण निर्दोष आहोत असे सांगणारा अधिकृत कागद नसतो. माझ्या मते या साऱ्या प्रश्नाची गाठ इथेच आहे. बाकीचे बरेचसे वाद तिच्याभोवती फिरतात.

श्रमकायदा कुठपर्यंत साथ देतो

वॉर्डात काम करणारी स्टाफ नर्स साधारणपणे ‘कामगार’ ठरते. मेट्रन किंवा नर्सिंग सुपरिंटेंडंट पर्यवेक्षक धरली जाईल का, हा प्रत्येक खटल्यात नव्याने वाद. १९७८ मध्ये बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘उद्योग’ या संज्ञेची व्याप्ती इतकी वाढवली की रुग्णालयेही तिच्यात आली. त्यानंतरची चार दशके परिचारिकेला कामगार न्यायालयाचे दार उघडे होते. १९७१ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात आलेल्या ११-अ कलमाने न्यायाधिकरणाला बडतर्फीची शिक्षा कमी करण्याचा अधिकार दिला. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांविषयीच्या कायद्याने तर किरकोळ किंवा तांत्रिक गैरवर्तनासाठी, आधीची सेवा न पाहता, धक्कादायक वाटावी इतकी जड शिक्षा देणे हीच अनुचित प्रथा ठरवली. तक्रारीची मुदत ९० दिवस. आधी नोकरी शोधू, मग पाहू, असे म्हणता म्हणता ही मुदत हातातून निसटते.

निलंबनकाळात पहिले ९० दिवस निम्मे वेतन आणि विलंबाला कामगार जबाबदार नसल्यास पुढे ७५ टक्के, हा निर्वाहभत्ता १९४६ च्या कायद्यात होता. आदर्श स्थायी आदेशांत आणखी एक छोटे कलम होते आणि नव्या नोकरीच्या दृष्टीने त्याचे मोल मोठे: कायम कामगाराला सेवा संपताना, बडतर्फी झाली असली तरीही, सेवेचा दाखला मिळण्याचा हक्क आहे. किती वर्षे, कोणत्या पदावर, एवढेच त्यात असते. खासगी रुग्णालये तो अडवून धरतात ही जुनी तक्रार आहे. २०११ मध्ये मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयातील केरळी परिचारिकेच्या आत्महत्येनंतर मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि केरळमध्ये परिचारिकांनी जी आंदोलने केली, त्यांत बॉन्ड आणि अडकवलेली प्रमाणपत्रे याच मुख्य मागण्या होत्या.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता अमलात आली आणि चित्र बदलले. स्थायी आदेशांसाठी आता ३०० कामगारांची मर्यादा आहे. पूर्वी केंद्रीय कायद्यात ती १०० होती आणि महाराष्ट्रात ५०. पूर्णतः किंवा मुख्यतः धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी सेवा करणाऱ्या संस्थांनी चालवलेली आस्थापने ‘उद्योगा’च्या व्याख्येबाहेर ठेवली आहेत. महाराष्ट्रातली कितीतरी मोठी रुग्णालये न्यासांची आहेत. त्यांपैकी कोणती आत, कोणती बाहेर, हे खटल्यांतूनच ठरत जाईल.

सरकारी सेवेत वाट जरा वेगळी आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये सेवेतून काढून टाकणे आणि बडतर्फ करणे या दोन स्वतंत्र शिक्षा आहेत. पहिली पुढच्या शासकीय नोकरीला आड येत नाही, दुसरी सामान्यतः येते. जिल्हा रुग्णालयातून काढलेली अधिपरिचारिका नियमाने पुन्हा शासनाच्याच भरतीला बसू शकते, हे निलंबित कर्मचाऱ्यांपैकी अनेकांना चौकशी संपेपर्यंत कुणी सांगत नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी परिचारिकेला मात्र हे नियम लागूच नाहीत. तिचे अकरा महिन्यांचे कंत्राट पुढे वाढवले नाही की झाले.

न्यायालयांनी कलंकाचा मुद्दाही हाताळला आहे. १९९९ च्या दीप्तिप्रकाश बॅनर्जी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, परिवीक्षेतील कर्मचाऱ्याला काढताना आदेशात किंवा त्यात उल्लेखलेल्या जोडपत्रात पुढची नोकरी बिघडवील असा ठपका असेल, तर ती साधी सेवासमाप्ती राहत नाही, शिक्षा होते, आणि शिक्षेला चौकशी लागते. २०१३ च्या दीपाली गुंडू सुरवसे निकालाने बेकायदा बडतर्फीनंतर मागील पगारासह पुनर्नियुक्ती हा सामान्य नियम मानला. तो खटला महाराष्ट्रातल्या एका शिक्षिकेचा होता. पण मधल्या काळात आपण दुसरीकडे कमावत नव्हतो, हे कर्मचाऱ्याने सांगावे लागते. इथे एक विचित्र पेच तयार होतो. खटला लढायचा तर नवी नोकरी घेतल्याने मागील पगाराचा दावा पातळ होतो, आणि न घ्यावी तर हप्ते कोण भरणार? बहुतेक जणी नोकरी निवडतात. त्यांचा आरोप मग कधीच तपासला जात नाही.

बाहेरचे दोन इशारे आणि एक प्रतिइशारा

पुढच्या रुग्णालयाला किती सांगावे, हा वाद तापला तो प्रामुख्याने अमेरिका आणि जर्मनीतल्या प्रकरणांमुळे. चार्ल्स कलन या परिचारकाने न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातल्या एकामागून एक रुग्णालयांत १६ वर्षे काम केले. अनेक ठिकाणी संशय आला, काही ठिकाणी त्याला काढले किंवा जाऊ दिले, पण पुढच्या रुग्णालयाला कुणी स्पष्ट सांगितले नाही. तारखा आणि पद एवढेच सांगायचे, बाकी मौन, हा तिथल्या एचआरचा रिवाज होता. त्यामागे खटल्याची भीती होती. डिसेंबर २००३ मध्ये तो पकडला गेला. २९ खून निश्चित झाले आणि प्रत्यक्ष आकडा बराच मोठा असावा असे मानले जाते. त्यानंतर न्यू जर्सीने २००५ मध्ये कायदा करून रुग्णालयांवर अशी माहिती कळवण्याचे आणि विचारल्यास पुढच्या मालकाला देण्याचे बंधन घातले. प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्याला संरक्षणही दिले.

जर्मनीत नील्स ह्योगेल हा परिचारक ओल्डेनबुर्गच्या रुग्णालयातून २००२ मध्ये चांगले प्रशस्तिपत्र घेऊन बाहेर पडला आणि शेजारच्या डेल्मेनहॉर्स्टमध्ये रुजू झाला. तिथेही त्याने रुग्ण मारले. २०१९ मध्ये ८५ खुनांसाठी त्याला शिक्षा झाली. ओल्डेनबुर्गच्या त्याच्या तेव्हाच्या वरिष्ठांवर खटला चालला आणि २०२२ मध्ये ते निर्दोष सुटले. कामाचा दाखला कर्मचाऱ्याच्या पुढच्या वाटचालीला अडथळा होणार नाही अशा सौजन्याने लिहावा, ही जर्मन कायद्याची अपेक्षा त्या प्रकरणात उघडी पडली.

या दोन नावांनी सगळ्या चर्चेवर सावली पडली आहे, आणि ती काहीशी अन्यायकारक आहे. कामावरून काढलेल्या परिचारिकांत खुनी विरळा. तरीही धोरण ठरवताना पहिला विचार त्यांचाच होतो.

तिसरे प्रकरण उलट दिशेचे आहे. टेनेसीतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठ रुग्णालयात २०१७ च्या डिसेंबरात राडोंडा वॉट हिने औषधांच्या स्वयंचलित कपाटातून शामक औषधाऐवजी स्नायू लुळे करणारे व्हेक्युरोनियम काढले आणि रुग्ण दगावला. तिने चूक लगेच कबूल केली. जानेवारी २०१८ मध्ये तिला काढले. राज्याने आधी परवान्यावर कारवाई न करण्याचे ठरवले होते, त्यामुळे ती नोंदणीकृत परिचारिका राहिली. पुढे प्रकरण उघड झाले, २०१९ मध्ये फौजदारी गुन्हा नोंदला गेला, जुलै २०२१ मध्ये परवाना रद्द झाला आणि मार्च २०२२ मध्ये ती दोषी ठरली. मे महिन्यात तिला तीन वर्षांची प्रोबेशन मिळाली. देशभरच्या परिचारिका तिच्या बाजूने उभ्या राहिल्या. त्यांचे म्हणणे होते की अशी शिक्षा झाली तर पुढची परिचारिका चूक लपवेल. २०२४ मध्ये केंटकीने आरोग्यसेवकांच्या प्रामाणिक चुकांना फौजदारी कारवाईतून बऱ्याच अंशी सूट देणारा कायदा केला, तो याच वातावरणात.

ब्रिटनचा मार्ग मधला. तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे अटींसह काम, जास्तीत जास्त वर्षभराचे निलंबन आणि नोंदवहीतून नाव काढणे अशा चढत्या पायऱ्या आहेत. नाव काढले तरी पाच वर्षांनी पुनर्नोंदणीचा अर्ज करता येतो, आणि त्या वेळी पश्चात्तापाचे शब्द पुरत नाहीत. दोष कोणता होता हे समजल्याचा आणि सुधारल्याचा पुरावा द्यावा लागतो. हा नमुना आदर्श मानणाऱ्यांनी २०२४ चा नझीर अफझल यांचा अहवालही वाचायला हवा. कौन्सिलमधील रेंगाळलेल्या चौकश्या, आतले विषारी वातावरण आणि चौकशीच्या छायेत जीव दिलेल्या परिचारिका यांची त्यात नोंद आहे.

मतांच्या तीन दिशा

पहिली भूमिका रुग्णसुरक्षेची. रुग्ण शुद्धीत नसतो, नातेवाइकाला काही कळत नाही, म्हणून पुढच्या रुग्णालयाला सगळे माहीत असायलाच हवे. अमेरिकेची नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँक १९९० पासून चालू आहे. परवान्यावर झालेल्या कारवाया तिच्यात जमा होतात. तशी केंद्रीय नोंद इथे हवी, असे या बाजूचे मत. कलन आणि ह्योगेल हे त्यांचे सर्वांत बळकट पुरावे.

दुसरी भूमिका उपजीविकेची. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या डी. के. यादव निकालात म्हटले की सेवासमाप्ती माणसाच्या उपजीविकेवर, म्हणजे जगण्याच्या हक्कावर येते, म्हणून नैसर्गिक न्याय टाळता येत नाही. ज्या आरोपाची निष्पक्ष चौकशीच झाली नाही, तो आयुष्यभर मागे का लागावा? संघटनांचा अनुभव असा की वेतन मागणारी, संपात पुढे असणारी, डॉक्टरच्या उर्मटपणाविरुद्ध बोलणारी परिचारिकाच आधी ‘गैरवर्तना’त सापडते. केंद्रीय नोंद झाली तर ती काळी यादी होईल, ही त्यांची भीती निराधार म्हणता येत नाही.

तिसरी भूमिका न्याय्य कार्यसंस्कृतीची. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या १९९९ च्या अहवालाने वैद्यकीय चुकांकडे व्यवस्थेचा दोष म्हणून पाहायला शिकवले, आणि त्यानंतर डेव्हिड मार्क्स यांनी मांडणी केली: अनवधानाची चूक झाली तर धीर द्या, धोक्याची सवय लागली असेल तर शिकवा, जाणूनबुजून बेफिकिरी असेल तरच शिक्षा करा. या दृष्टीने शिंदे आजींच्या वॉर्डातली सिस्टर पुन्हा नोकरीयोग्य आहे, आणि ॲम्प्यूल चोरणारीलाही आधी उपचार, मग देखरेखीखाली काम. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत व्यसनाधीन परिचारिकांसाठी शिक्षेऐवजी उपचाराचे कार्यक्रम १९८० च्या दशकापासून चालतात. त्यांच्या विरोधकांचे म्हणणे साधे आहे: तीन खणांतली सीमारेषा आखायची कुणी? आखणारा तोच मेट्रन-एचआर असेल तर खण बदलायला वेळ लागत नाही.

तिन्ही भूमिकांत तथ्य आहे. पण तिन्हींमध्ये एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे कुणीतरी स्वतंत्रपणे आरोप तपासलेला आहे. आपल्याकडे सर्वांत कमी घडते ते नेमके हेच.

प्रत्यक्षात नोकरी कशी मिळते

कागदावर काहीच नसले तरी माहिती पोचतेच. नव्या रुग्णालयाची नर्सिंग सुपरिंटेंडंट जुन्या रुग्णालयातल्या आपल्या बॅचमेटला फोन लावते. “मुलगी कशी आहे?” या प्रश्नाला मिळालेल्या दोन वाक्यांवर नेमणूक ठरते. हा फोन कुठे नोंदला जात नाही, त्याला उत्तर देण्याची संधी उमेदवाराला मिळत नाही. एनएबीएच मानांकन असलेल्या रुग्णालयांना परिचारिकांची पात्रता, नोंदणी आणि अनुभव तपासून ठेवावा लागतो. मोठ्या साखळ्या पार्श्वभूमी तपासणाऱ्या खासगी कंपन्यांकडे काम देतात. मानहानीच्या दाव्याच्या धास्तीने जुनी रुग्णालये लेखी काही देत नाहीत, तोंडी सगळे देतात.

आखाती देशांकडे जाणाऱ्यांची गंमत वेगळी. ‘गुड स्टँडिंग’ प्रमाणपत्र परिषद देते. तिथे तक्रार नसेल तर ते निर्मळ येते. पण डेटाफ्लोसारख्या तपासणीत अनुभवाचा दाखला खरा आहे का, हे थेट तो देणाऱ्या रुग्णालयाला विचारतात. भांडून बाहेर पडलेली परिचारिका तिथे जुन्या एचआरच्या मेहरबानीवर असते. त्यावर उपाय म्हणून काही जणी बनावट दाखला करतात. तो उघडकीला आला की मूळ आरोपापेक्षा मोठा दोष अंगाला चिकटतो.

अनुभवी मेट्रन आणि कामगार वकील साधारण सारखाच सल्ला देतात. सेवेचा दाखला लेखी मागा आणि पोच घ्या. राजीनामा द्यायचा असेल तर दबावाखाली त्याच दुपारी देऊ नका. परिषदेच्या नोंदणीचे नूतनीकरण चुकवू नका, नाहीतर दुसरेच निमित्त मिळते. फॉर्ममध्ये खोटे लिहू नका. २०१६ च्या अवतार सिंग निकालातही सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी प्रकरणांची माहिती दडवणे हाच स्वतंत्र दोष ठरू शकतो असे सांगताना, गुन्ह्याचे स्वरूप आणि पद यांचा विचार करायला मालकाला वाव ठेवला. मुलाखतीत विचारले तर तीन-चार वाक्यांत सांगा: काय झाले, माझा भाग काय होता, त्यानंतर मी काय शिकले. जुन्या रुग्णालयाला शिव्या घातल्या की मुलाखत तिथेच संपते.

ज्यांना हे जमत नाही त्या कुठे जातात? डायलिसिस केंद्र, छोटी नर्सिंग होम्स, विमा दाव्यांची छाननी, नर्सिंग शाळेत क्लिनिकल इन्स्ट्रक्टर. आणि सर्वांत जास्त, ब्युरोमार्फत घरी जाऊन रुग्ण सांभाळण्याचे काम. तिथे सोबतीला दुसरी परिचारिका नाही, हँडओव्हर नाही, औषध कपाटाचे रजिस्टर नाही. जिच्यावर देखरेख हवी तिला आपण देखरेख नसलेल्या ठिकाणी पाठवतो, आणि जी एका चुकीने बाहेर फेकली गेली तिचे अतिदक्षता विभागातले कौशल्य डायपर बदलण्यात जिरवतो.

अनुत्तरित राहिलेले

पहिला प्रश्न कळवण्याच्या बंधनाचा. रुग्णालयाने गैरवर्तनासाठी काढले तर परिषदेला कळवलेच पाहिजे असा नियम करायचा का, आणि केला तर कोणत्या दोषांपुरता? औषधचोरी, रुग्णाला मारहाण, लैंगिक छळ, नोंदींत खोटेपणा एवढ्यापुरता तो ठेवला तर काळ्या यादीची भीती बरीच कमी होईल, असे मला वाटते. उशिरा येणे आणि वाद घालणे हा परिषदेचा विषय असू नये. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यानंतर माजी कर्मचाऱ्याची माहिती दुसऱ्याला सांगण्याच्या मर्यादाही नव्याने तपासाव्या लागतील. तोंडी फोनला मात्र त्याने आळा बसेल असे दिसत नाही.

दुसरा प्रश्न फौजदारी कायद्याचा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. वैद्यकीय प्रक्रिया करताना तो नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या हातून घडला तर दोन वर्षांपर्यंत. या व्याख्येत डॉक्टर येतो, परिचारिका येत नाही. एकाच खाटेजवळ, एकाच चुकीत सामील असलेल्या दोघांना कमाल शिक्षा वेगळी. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने डॉक्टरांना अटकेपूर्वी दिलेले संरक्षण परिचारिकेला कितपत मिळते, हे भंडारा-नगरनंतरही स्पष्ट झालेले नाही. बडतर्फीच्या कागदापेक्षा प्रलंबित गुन्हा नोकरीच्या आड जास्त येतो, त्यामुळे हा प्रश्न परिचारिकांच्या पुढच्या नोकरीशी थेट जोडलेला आहे.

तिसरा प्रश्न काळाचा. ब्रिटनमध्ये पाच वर्षांची रेघ आहे. इथे कोणतीच नाही: काहींचा दोष आठवड्यात विसरला जातो, काहींचा निवृत्तीपर्यंत नाही. शासकीय सेवेत ‘काढून टाकणे’ पुढच्या नोकरीला आड येत नाही असे नियम म्हणतो, पण भरतीची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. पस्तिशीत काढलेली अधिपरिचारिका विभागीय अपील, मग प्रशासकीय न्यायाधिकरण, मग उच्च न्यायालय अशी चढत गेली, तर निकाल लागेपर्यंत तिचे वय उलटून गेलेले असते. वाद प्रलंबित असलेला काळ वयातून वजा धरावा, अशी मागणी अजून कोणत्याही परिचारिका संघटनेच्या मुख्य मागण्यांत ठळकपणे दिसत नाही.